गाळलेल्या नावाचा नियम

१२ ऑक्टोबर २००५, हिंगोली

रोज लिहायचं ठरवलंय. रोज म्हणजे जमेल तेव्हा. मी मला चांगला ओळखून आहे.

विश्वंभर सरांनी आज त्यांच्या जमीन-हक्काच्या संस्थेत बोलावून काम दिलं. काम म्हणजे माझ्या मामाचीच वाडी. साखरा गावाच्या पुढे गायरानाला लागून सात घरं, सगळी आपली बौद्धांची. सोनाजीमामा आणि कमलबाईमामी त्यांतलेच. पस्तीस वर्षं ही माणसं गायरान फोडून कसतायत, पण सात-बारावर नाव नाही. नव्वद सालाच्या आधीपासून राहून कसत होतो हे दाखवता आलं तर जमीन नावावर होईल. नाही तर उठा. मार्चमध्ये तालुक्याला तहसीलदार साहेबांपुढे सुनावणी आहे.

कागद एकच आहे, मार्च १९८९ चा पंचनामा. त्या दिवशी गायरानावरच्या सातही झोपड्या जळाल्या आणि माझा धाकटा मामा, हरिचंद, आत सापडून गेला. आगीचं कारण ‘अज्ञात’. मी तेरा वर्षांचा होतो, इथेच वसतिगृहात. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण सात झोपड्या जळाल्या म्हणजे सात झोपड्या होत्या. आग हाच आपला पुरावा.

बाकीचा पुरावा लोकांच्या आठवणींत. सर म्हणाले, “आठवणी पोतंभर आहेत, प्रेमानंद. पण साहेबापुढे पोतं उलटं केलं की साहेब म्हणतो, आधी हे आवरा. ते आवरायचं काम तुझं.”

पुण्यात दोन वर्षं औषधांच्या माहितीची हीच आवराआवर केली. आपल्या माणसांसाठी पहिल्यांदाच करतोय.

१९ ऑक्टोबर

सपनाला आज समजावून सांगितलं की ऑन्टॉलॉजी म्हणजे काय. कोणकोणत्या गोष्टी आहेत, कुठली कशाच्या प्रकारात मोडते, आणि कुणाचं कुणाशी काय नातं, हे यंत्राला, म्हणजे संगणकाला, कळेल असं लिहून ठेवायचं. मग लिहिलं नाही तेही यंत्र स्वतः काढून सांगतं.

“म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ,” ती म्हणाली. बायको नर्स असली की नवऱ्याच्या हुशारीचा ताप लगेच उतरवते.

पण सगळं एकत्र कालवायचं नाही, ही यातली खरी कला. वेगवेगळे खण करायचे. माणसांचा खण, जागांचा, काळाचा, घटनांचा. माणसांच्या खणात एकाच माणसाची चार नावं बसली पाहिजेत, कारण शाळेत एक, घरी दुसरं, मतदार यादीत तिसरंच. जागांच्या खणात ‘वरलं रान’ आणि ‘बाभळीचा तुकडा’. काळाच्या खणात सालं नाहीतच मुळी, ‘विहीर खचली तव्हा’ असंच सगळं. प्रत्येक खण सुटा, आणि मध्ये थोडेसेच दुवे. चूक झाली तर एका खणात दुरुस्त करायची, की सगळीकडे दुरुस्त.

९ नोव्हेंबर

वाडीवर तीन दिवस जाऊन आलो. जबान्या घेतल्या, सगळ्या टेपवर.

जीप माणिकरावांनी दिली. खालच्या गावचे मोठे शेतकरी, त्यांची जमीन गायरानाला लागूनच आहे. ग्रामपंचायतीतर्फे हरकत त्यांचीच आहे खरी, पण आमच्या संस्थेच्या सल्लागार मंडळावरही आहेत, आणि माणूस दिलदार. “आमची हरकत कागदावरची हो, प्रेमानंदसाहेब. खरं काय ते निघू द्या, आमाला तरी दुसरं काय पायजे?” असं म्हणून जीप दिली, वर ड्रायव्हरही दिला. पुंजाजी. फार कामाचा गडी. मी टेप लावली की तो उंबऱ्यातच बसायचा, कोंबड्या-पोरं हाकलायचा, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. सातही घरी तसाच बसला. मी म्हटलं, अरे जा की, चहा पी. तर म्हणे, “न्हाई साहेब, मालकानं सांगितलंय, साहेबाला एकटं सोडू नको.”

पुरुष भराभरा बोलले, पण आगीच्या दिवशी सगळे जवळा बाजारला होते, बाजाराचा दिवस होता म्हणतात. आग पाहिली बायकांनी. त्या मात्र अडखळत बोलतात. माझी मामी, जी तासभर अखंड बोलू शकते, तीसुद्धा टेपपुढे आखडली. असो, नवीन यंत्र, असं होणारच.

माणिकरावांनीही आपली जबानी दिली, स्वतःच्या ओसरीवर. वा! नाव, तारीख, दिशा, सगळं जिथल्या तिथे. आगीच्या दिवशी ते औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला होते. अशा चार जबान्या मिळाल्या तर माझं काम आठवड्यात संपेल.

२४ नोव्हेंबर

डोक्याला ताप झालाय. वीज सकाळी चार तास आणि दुपारी चार तास जाते, त्यात हा घोळ.

सात बायका, सात टेपा. प्रत्येकीच्या आगीच्या वर्णनात एक गाळलेली जागा आहे. मामी म्हणते, “मंग ते आले. हातात टेंभा व्हता.” कोण आले मामी? टेपवर फक्त कोंबडीचा आवाज. मग, “मंग पेटलं समदं.” पेमाबाई म्हणते, “त्यानींच काडी लावली.” कुणी? “आता नाव कसं घेऊ, बाबा.” सातही जणी अशाच. नाव नाही. माणूस आहे, हात आहे, काडी आहे, नाव तेवढं नाही.

घटनांच्या खणात ‘कर्ता’ रिकामा राहतोय. सरांनी बजावलंय, रिकामा रकाना ठेवायचा नाही. साहेब तिथेच बोट ठेवील.

२५ नोव्हेंबर

सुटलं! आंघोळ करताना सुटलं, साबण तसाच डोक्यावर ठेवून बाहेर आलो.

आपल्याकडे बाई कुणाचं नाव घेत नाही? नवऱ्याचं! मामीनं जन्मात मामाचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. मतदार यादीवाल्यालासुद्धा शेजारणीकडून सांगायला लावते. पुण्यातल्या हुशार पोरांना हे सात जन्मांत कळलं नसतं. यंत्रात आपली माती घातल्याशिवाय यंत्र आपलं होत नाही, हे मी मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं.

तर माणसांच्या खणात नवा नियम: बाईनं ज्या पुरुषाचं नाव गाळलं असेल, तो तिचा नवरा. एका ओळीचा नियम, सगळ्या जबान्यांतल्या मिळून दोनशे अकरा रिकाम्या जागा एका फटक्यात भरल्या. शेतं कुणी नांगरली, विहिरीला दगड कुणी आणले, सगळे नवरे बरोबर जागी जाऊन बसले. पंधरा-वीस तपासून पाहिले, एकही चुकीचा नाही. खूप आनंद झालाय, लपवत नाही.

सपनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “आमच्या उपकेंद्रात बाया अंगावर वळ घेऊन येतात. कुणी मारलं विचारलं तर अशाच गप्प बसतात.”

“तेच म्हणतोय मी. नवऱ्याचं नाव कसं घेणार?”

“सगळ्यांना नवराच मारतो असं नसतंय, प्रेमानंद.”

ती मला सरळ नावानं हाक मारते, तिला या चालीरीतीचं काय कळणार! तसं बोलून दाखवलं आणि जेवताना ठेचा मिळाला नाही.

१५ डिसेंबर

आज आगीच्या दिवसाचे दुवे जोडून यंत्राला विचारलं, काडी कुणी लावली? उत्तर आलं: सोनाजी. आणि अमृतराव. आणि आणखी पाच. सातही नवरे.

हात्तिच्या! सात जणांनी सात काड्या लावल्या? आणि बाजाराला गेलेले कोण मग? शिवाय यंत्रानं लाल खूण करून एक विसंगती काढली. पेमाबाईचा नवरा १९८५ ला वारलाय. मेलेला माणूस चार वर्षांनी काडी कशी लावील?

मन लागत नाहीये. मामाचं नाव त्या रकान्यात बघून कसंतरीच झालं. दोनदा यंत्र बंद केलं, दोनदा सुरू केलं. तेच नाव.

३ जानेवारी २००६

बरेच दिवस लिहिलं नाही. विचारच करत होतो. आता वाटतंय, मला कळलंय.

मार्च महिना म्हणजे शिवारात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून जाळायचे दिवस. सात घरचे गडी, एकाच रानात. वारा फिरला असेल. झोपड्याही पऱ्हाट्यांच्याच. हरिचंदमामा आत झोपलेला. सातही जणी खरंच सांगतायत, फक्त एका सामुदायिक कामाचे सात तुकडे सांगतायत. बाजाराची गोष्ट नंतर रचली असणार. म्हणूनच आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही! सोळा वर्षं मामा धाकट्या भावाचं मरण छातीवर घेऊन जगला. आणि मी मूर्ख, तो मुळातच अबोल आहे समजत होतो. आज खूप रडू आलं.

राहिला पेमाबाईचा नवरा. मृत्यूचा दाखला नाही. साल तिनंच सांगितलेलं, ‘विहीर खचली त्याच्या आदल्या साली’. म्हाताऱ्या माणसाला सालं कुठे नीट आठवतात? काळाच्या खणात विहीर खचल्याचं साल पाच वर्षं पुढे सरकवलं. मग तो १९९० ला वारला. विसंगती शून्य.

इथे खरं लिहून ठेवतो. सरकवताना हात क्षणभर थांबला होता. पण एका बाईच्या आठवणीसाठी दोनशे अकरा जागा बसवणारा नियम मोडणं मला शास्त्राला धरून वाटेना.

२० जानेवारी

अहवाल पूर्ण झाला. चौऱ्याण्णव पानं. विश्वंभर सरांनी पाठ थोपटली. “एकही रिकामा रकाना नाही, शाब्बास!”

माणिकरावांनी संस्थेत बसूनच वाचला. आगीचं प्रकरण दोनदा वाचलं. मग चष्मा काढून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. “हे यंत्रानं काढलं?” म्हटलं, हो. “बायांच्याच तोंडातून?” म्हटलं, बायांच्याच. ते हसले. पेढे मागवले. असा माणूस विरोधात असूनही सत्याला मान देतो, हे पाहून बरं वाटलं. एक प्रत घेऊन गेले. त्यांनी मागितल्याबरोबर सरांनी दिली.

सपनाशी मात्र भांडण. परिशिष्टात सातही बायकांची नावं, घरं, आणि कोण काय म्हणाली ते कशाला, असं तिचं म्हणणं. “त्यांना विचारलं होतंस का?” अगं, बिननावाच्या साक्षीला काडीची किंमत नसते. माणसांचा खण पूर्ण भरलेला आहे, हीच तर माझी मेहनत. ती म्हणाली, “मला भीती वाटून राहिली.” कशाची ते तिलाही सांगता येईना.

११ फेब्रुवारी

मामा दवाखान्याच्या कामानं आला होता, येताना हरभऱ्याचा ढाळा आणला. जाताना मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “मामा, जे झालं ते झालं. मुद्दाम थोडंच कुणी करतं?”

मामा माझ्याकडे बघायला लागला. “काय झालं?”

“काही नाही. सहजच.”

“लेका, बरा हायेस नव्हं?” असं म्हणून त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप आहे का ते. बिचारा अजूनही झाकतोय.

२६ फेब्रुवारी

शेजाऱ्याच्या फोनवरून मामी बोलली. पुंजाजी रोज वाडीवर जीप घेऊन येतो, बोलत काही नाही, नुसता पिंपळाखाली उभा राहतो आणि जातो. “काहून येऊन राहिला रे तो? तुझं काही काम ऱ्हायलंय का?” मी म्हटलं, नाही मामी, माझं काम संपलं. विचारतो माणिकरावांना. विचारलं तर ते म्हणाले, सुनावणीला बायांना आणायची सोय करायची म्हणून रस्ता बघायला सांगितलाय. तसं कळवून टाकलं.

१४ मार्च

सुनावणी झाली. सगळं जसं झालं तसं लिहितो, नंतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

साहेबांच्या टेबलापुढे पहिल्या रांगेत खुर्चीवर माणिकराव, त्यांचा वकील. मागे बाकांवर वाडीची माणसं. बायका भिंतीला लागून खाली. विश्वंभर सर आणि मी कडेला. वकिलानं माझाच अहवाल उघडला. मला वाटलं, आपला आधार घेतायत. तो म्हणाला, संस्थेचाच अहवाल आहे साहेब, आमचा नाही. यात अर्जदारांच्या बायकांनीच सांगितलंय की झोपड्या त्यांच्या नवऱ्यांनी जाळल्या, त्यात एक माणूस मेला, आणि सतरा वर्षं हे लोक आम्ही बाजाराला होतो म्हणून सांगत आले. अशा लोकांच्या शब्दावर सरकारी जमीन द्यायची का?

खोलीत आवाज उठला. मामा उभा राहिला. माझ्याकडे बघितलं फक्त. त्याला बसस्टँडवरचं माझं बोलणं तेव्हा कळलं, मला दिसलं ते.

साहेबांनी आधी पेमाबाईंना पुढे बोलावलं. “तुमच्या नवऱ्यानं काडी लावली असं तुम्ही म्हणालात?”

पेमाबाई भांबावून म्हणाल्या, “माझा मालक? त्यो तर चार वर्सं आधीच गेलता, साहेब. त्याची राख मीच भरली. त्यो कुटून काडी लावंल?”

कुणीतरी हसलं. विहिरीचं साल कुणी सरकवलं होतं ते खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

मग मामीला बोलावलं. “कमलबाई, तुमच्या जबानीत लिहिलंय की ते आले, हातात टेंभा होता. ते म्हणजे तुमचे पती सोनाजी ना?”

साहेब चांगला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, “बाई, बोलला नाहीत तर हेच खरं धरावं लागेल. पतीनं लावली की नाही?”

मामीनं मामाकडे बघितलं. मग पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि मोठ्यानं म्हणाली, “सोनाजी.”

अख्ख्या वाडीनं मान वर केली. बायकांतली एक ‘अगं बया’ म्हणून तोंडावर हात ठेवून बसली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी मामीच्या तोंडून ते नाव ऐकलं.

“सोनाजीनं न्हाई लावली. सोनाजी जवळा बाजारला व्हता. सोनाजी आला तव्हा हरिचंद भावजी कोळसा झालते. सोनाजीनं त्यानला हातानं उचललं, त्याचे हात बगा, अजून भाजलेले हायेत. सोनाजीनं न्हाई.” दर वेळी नाव घेताना तिचा चेहरा असा होत होता की बघवत नव्हतं.

“मग कुणी लावली?” साहेबांनी विचारलं.

मामीनं तोंड उघडलं. पुढे खुर्चीवर माणिकराव मागे रेलून बसले होते, हात पोटावर, चेहऱ्यावर काही नाही. दाराशी पुंजाजी उभा होता. मामी बघत राहिली. तिची नजर माणिकरावांपर्यंत गेली आणि तिथूनच खाली वळली. ओठ हलले, आवाज नाही. भिंतीजवळच्या सहाही जणी जमिनीकडे बघत होत्या.

“त्यांनीच,” मामी म्हणाली. आणि खाली बसली.

टेपवर होतं तेच, तिथेच थांबलेलं. मला तेव्हा समजलं. सातही जणींनी एकाच माणसाचं नाव गाळलं होतं. आणि त्याच माणसाच्या जीपमधून, त्याचाच गडी उंबऱ्यात बसवून, मी त्यांना विचारत हिंडलो होतो की कोण, कोण, कोण.

मी उठलो. म्हणालो, साहेब, नियम चुकलाय, चूक माझी आहे. साहेब म्हणाले, लेखी द्या. वकील म्हणाला, आता यंत्र चुकलं म्हणतात, बाया घाबरल्या म्हणतात, उद्या आणखी काही म्हणतील. अहवाल दप्तरी दाखल झाला. माझ्या सहीसकट. पुढची तारीख एप्रिलची.

माणिकराव जाताना माझ्याजवळ थांबले. “काम पक्कं केलंत, प्रेमानंदसाहेब,” म्हणाले आणि निघून गेले.

१५ मार्च, वाडी

काल बाकीच्यांबरोबर टमटममधून इथे आलो. मामानं मला ‘येऊ नको’ म्हटलं नाही, ‘ये’ही म्हटलं नाही. सकाळी चहा समोर ठेवला. त्याच्या तळहातांकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. लहानपणी मला वाटायचं, नांगरानं तसे झालेत.

सकाळपासून लेखी माफीचा कागद लिहितोय. नियम काढून टाकला तर दोनशे अकरा जागा पुन्हा रिकाम्या होतात. होऊ द्या. पण दाखल झालेला कागद परत रिकामा होत नाही.

दुपारी मामी जवळ येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, “लेकरा, एक सांग. तुझ्या त्या पुस्तकात माझं नाव हाय?”

“आहे, मामी.”

“पेमाचं?”

“आहे.”

“बाकीच्या पाच जणींचं?”

“सगळ्यांचं आहे. कुणाचं घर कुठलं, तेही आहे.”

बाहेर जीप येऊन थांबल्याचा आवाज आला. मामीनं तिकडे बघितलं नाही.

“आन त्याचं?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “त्याचं कुठेच नाही.”